ओव्हर्स कोण मोजतंय?

पहाटेची डोंबिवली लोकल कधी पकडली असेल, तर त्याला तुम्ही नक्की पाहिलंय. वय बारा-तेरा. पाठीवर जवळजवळ त्याच्याच उंचीची किट बॅग. पांढरी पँट, गुडघ्यावर न निघालेले लाल मातीचे डाग. शेजारी बाबा, त्यांच्या हातात डब्याची पिशवी आणि पाण्याच्या दोन बाटल्या. पोरगं बॅगेवर गाल टेकून उभ्या उभ्या झोपलंय आणि दादर गेलं की बाबा त्याला हळूच हलवतायत. आजूबाजूची माणसं कौतुकानं बघतात. कुणीतरी विचारतंच, ‘काय रे, तेंडुलकर होणार का?’

मी त्या पोराची बहीण.

आमच्या घरात त्याला सोनू म्हणतात. खरं नाव छापायला त्याची परवानगी नाही, शाळेचं तर नाहीच नाही. आता तो एकोणीस वर्षांचा आहे आणि बी.कॉम. करतोय. पण सहावी ते आठवी ही तीन वर्षं तो मुंबईच्या शालेय क्रिकेटमधला फास्ट बोलर होता. चांगला होता. बहीण आहे म्हणून म्हणत नाही. स्कोअर मी लिहायचे, म्हणून म्हणतेय.

झालं असं की बाबांना त्याच्या प्रत्येक मॅचचा हिशोब हवा असायचा. शाळेचा अधिकृत स्कोअरर वेगळा असतो, त्याच्या वहीला हात लावता येत नाही. म्हणून बाबांनी धोबी तलावच्या दुकानातून एक कोरं स्कोअरबुक आणलं आणि मला शिकवलं. टिंब म्हणजे डॉट बॉल, सहा टिंबं जोडून ‘एम’ काढला की मेडन. बाबांना सुट्टी नसली की सोनूला मैदानावर न्यायचं काम माझ्याकडे. मी अकरावीत होते आणि अकरावी हे वर्ष मुळात कॉलेजला न जाण्यासाठीच असतं, हे तुम्हाला माहीतच आहे. आझाद मैदानावर एका वेळी वीसेक मॅच चालू असतात, एकाचा पॉइंट दुसऱ्याच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो. त्या गर्दीत नेमक्या आपल्याच पिचकडे बघत बसायचं आणि प्रत्येक बॉल टिपायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

या दिवाळीच्या साफसफाईत ती स्कोअरबुकं माळ्यावरून खाली आली. चार होती. रद्दीत द्यायच्या आधी चाळत बसले. आणि तेव्हा मी एक गोष्ट केली, जी इतकी वर्षं आमच्या घरात कुणीच केली नव्हती. विकेट्स नाही, रन्स नाही, फक्त ओव्हर्सची बेरीज केली.

नोव्हेंबर २०१९ मधला एक आठवडा सांगते. सोमवारी शाळेची गाइल्स शिल्डची मॅच, १४ ओव्हर्स. मंगळवारी तीच मॅच पुढे, ९ ओव्हर्स. बुधवार, गुरुवार, शुक्रवार नेट्स. तिथे किती बॉल टाकले ते वहीत नाही, पण तास-दीड तास तो टाकायचाच. शनिवारी क्लबची मॅच, १० ओव्हर्स. रविवारी अकॅडमीची मॅच, ८. म्हणजे नेट्स सोडून ४१ ओव्हर्स, २४६ बॉल. सात दिवसांत एकही दिवस सुट्टी नाही. वय वर्षं १३.

हा आकडा जास्त आहे की कमी, हे मला तेव्हा कळलं नसतं. आता शोधून पाहिलं. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डानं लहान वयाच्या फास्ट बोलर्ससाठी वर्षानुवर्षं एक मर्यादा ठेवलेली आहे. तेरा वर्षांखालच्या मुलानं एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसभरात १० ओव्हर्स टाकायच्या. चौदा-पंधराखालच्यांना ६ आणि १२. याच्यापुढे कॅप्टनला कितीही वाटलं तरी अंपायर बॉल देऊ देत नाही. सोनूचा त्या सोमवारचा पहिला स्पेलच ८ ओव्हर्सचा आहे. माझ्याच अक्षरात. शेजारी मी छोटी स्मायली काढलीय, कारण त्यात तीन विकेट्स होत्या.

हे नियम कुणाला तरी मुलांचे लाड करावेसे वाटले म्हणून आलेले नाहीत. फास्ट बोलर बॉल सोडतो तेव्हा त्याचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो आणि शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर वर चढतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि वळत असते. मोठ्या माणसाचं हाड ते बऱ्यापैकी सोसतं. वाढत्या वयातलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. तोच ताण रोज, त्याच जागी, मध्ये विश्रांती न देता पडत राहिला, तर मणक्याच्या मागच्या भागातल्या हाडाला बारीक चीर जाते. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. धडपडून हाड मोडतं तसं हे नसतं. आवाज येत नाही, सूज दिसत नाही. फक्त पाठ दुखते. आणि पाठ काय, कुणाचीही दुखते!

गंमत म्हणजे त्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, जसप्रीत बुमराच्या पाठीत असंच स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं होतं. आख्ख्या देशानं काळजी केली. आमच्या घरात तर जेवताना चर्चा. बाबा म्हणाले, ‘त्याला फार टाकायला लावतात रे.’ समोर सोनू बसला होता, कमरेला बाम चोळून घेतलेला. त्या वासाची घराला इतकी सवय झाली होती की कुणाला जाणवायचाही नाही.

पुढे बुमराच्या पाठीवर २०२३ मध्ये ऑपरेशन झालं. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यावर तो पाचपैकी तीनच टेस्ट खेळणार हे आधीच ठरलेलं होतं आणि तसंच झालं. ‘वर्कलोड मॅनेजमेंट’ हा शब्द आता पानाच्या टपरीवरही ऐकू येतो. एकतीस वर्षांच्या माणसाचे बॉल मोजायला फिजिओ, ट्रेनर, डॉक्टर, सगळा ताफा. तेरा वर्षांच्या पोराचे बॉल मोजायला त्याची बहीण होती. आणि ती स्मायली काढत होती.

सोनूनं दुखणं लपवलं. किती दिवस, ते त्यानं अजूनही नीट सांगितलेलं नाही. माझा अंदाज दोनेक महिने. का लपवलं हे मात्र त्यानं सांगितलं, आणि हे तुमच्यापैकी जे कुठलाही खेळ शाळेकडून खेळलेत त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. टीममध्ये दुसरा एक फास्ट बोलर होता. ‘सर, पाठ दुखतेय’ म्हटलं की तो आत, हा बाहेर. एकदा बाहेर गेलं की परत आत यायला पुढचा सीझन. आणि पुढच्या सीझनला वय बसेल की नाही, कुणास ठाऊक. सरांनी त्याला कधी दमदाटी केली नाही. उलट सर प्रेमळ होते. मॅचनंतर स्वतःच्या पैशानं पोरांना वडापाव खाऊ घालायचे. फक्त एखादा मुलगा दुखतंय म्हणाला की ते इतकंच म्हणायचे, ‘ठीक आहे, बस मग.’ तेवढं पुरायचं.

जानेवारीत एक दिवस तो रनअपच्या मध्यातच थांबला. पळता येईना. एमआरआय झाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘आठवड्याला किती ओव्हर्स टाकतो?’ बाबांनी त्याच्या विकेट्स सांगितल्या. डॉक्टर पुन्हा म्हणाले, ‘ओव्हर्स, ओव्हर्स किती?’ बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगता आलं नाही.

मग कमरेचा पट्टा, सक्तीची विश्रांती, फिजिओथेरपी. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. सगळं जग वैतागलेलं आणि हा एकटा मजेत. आता मागे कुणीच पुढे जात नव्हतं ना! सगळ्यांचीच मॅच रद्द. त्या वेळी मला ते विनोदी वाटलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एका घरातली गोष्ट आहे, त्यावरून सगळ्या शालेय क्रिकेटला नावं कशाला ठेवायची? बरोबर. म्हणून थोडं मागे जाऊ.

मुंबईचं शालेय क्रिकेट ही काही नवी भानगड नाही. गाइल्स आणि हॅरिस शिल्डला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. मुंबईनं देशाला जे बॅट्समन दिले, त्यातले बरेच या मैदानांवर आधी शाळेच्या टोपीत दिसले. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सेमी फायनलला शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ रन्सची नाबाद भागीदारी केली. सचिन तेंडुलकर ३२६, विनोद कांबळी ३४९. त्या दिवसापासून या शहरातल्या प्रत्येक मध्यमवर्गीय बापाच्या डोक्यात एक चित्र कायमचं बसलंय. आमच्या बाबांच्याही. सचिननं आचरेकर सरांच्या सांगण्यावरून शाळा बदलली, ही गोष्ट तर प्रत्येक घरात पाठ असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न मॅच खेळल्याचं त्यानं स्वतःच लिहिलंय. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे.

सोनूच्या अकॅडमीत ही पंचावन्न मॅचची गोष्ट दर उन्हाळ्यात सांगितली जायची. पोरांच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा. फक्त एक बारीक तपशील निसटायचा. सचिन तेव्हा मुख्यतः बॅटिंग करत होता. त्याला खरं तर फास्ट बोलर व्हायचं होतं, त्यासाठी तो चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनला जाऊनही आला, आणि तिथे डेनिस लिलीनं त्याला बॅटिंगकडे लक्ष द्यायला सांगितलं. लिलीसाहेबांचे उपकार, दुसरं काय. पण ज्यांनी साठ दिवसांत पंचावन्न मॅच बोलिंग केली, त्यांचं काय झालं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

त्यानंतर आकडे फुगतच गेले. २००९ मध्ये बारा वर्षांच्या सर्फराज खाननं हॅरिस शिल्डमध्ये ४३९ केले. २०१३ मध्ये चौदा वर्षांच्या पृथ्वी शॉनं ५४६. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेनं नाबाद १००९. त्याआधीचा विक्रम ६२८ चा होता. तो १८९९ मध्ये इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स या मुलानं केला होता, आणि त्याचं वयही तेराच होतं. शंभराहून जास्त वर्षं टिकलेला विक्रम आपल्या कल्याणच्या रिक्षाचालकाच्या मुलानं मोडला, म्हणून आम्ही डोंबिवलीकर तर हवेतच होतो.

पण स्कोअर लिहिणाऱ्या माणसाला एक खोड लागते. ती दुसऱ्या टीमचं पानही बघते. प्रणवच्या शाळेनं त्या मॅचला ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरची शाळा दोन डावांत ३१ आणि ५२ वर आउट झाली. त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं की त्या शाळेची नेहमीची टीम परीक्षेमुळे आलीच नव्हती, लहान मुलं उभी केली होती आणि मैदानही छोटं होतं. प्रणवचा यात काही दोष नाही, समोर आलेला बॉल त्यानं मारला. पण दोन दिवस उन्हात कुंपणापलीकडून बॉल आणणाऱ्या त्या पोरांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल? सोनूच्या त्याच सीझनला, नोव्हेंबर २०१९ मध्ये, हॅरिस शिल्डमध्ये एका टीमनं ७६१ केले आणि दुसरी टीम ७ वर ऑल आउट झाली. सातच्या सात अवांतर. एकाही पोराच्या नावासमोर एकही रन नाही. दुसऱ्या दिवशी तो स्कोअरकार्डचा फोटो सगळ्या ग्रुप्सवर फिरला, हसण्याच्या इमोजीसकट. मीही फॉरवर्ड केला होता.

आणि जिंकलेल्यांचं तरी काय? प्रणवला मुंबई क्रिकेट असोसिएशननं पाच वर्षांसाठी महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली होती. दीड-दोन वर्षांत त्याच्या वडिलांनी पत्र लिहून कळवलं की मुलाचा फॉर्म तसा राहिलेला नाही, शिष्यवृत्ती थांबवा. मला त्या माणसाबद्दल प्रचंड आदर वाटतो. पंधराव्या वर्षी केलेल्या एका इनिंगचं ओझं पोराच्या पाठीवरून उतरवायला किती धीर लागत असेल. त्या वेळी आमच्या बाबांनी ती बातमी वाचून पेपर घडी घालून ठेवला होता, एवढंच मला आठवतंय.

या लेखासाठी मी परत आझाद मैदानावर गेले. तंबू तेच, चहावाला तोच. बदललंय ते पालकांचं बोलणं. आमच्या वेळी ‘रणजीपर्यंत पोचला तरी पुष्कळ’ म्हणायचे. आता वैभव सूर्यवंशी. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात तेराव्या वर्षी त्याला १ कोटी १० लाख मिळाले आणि पुढच्या एप्रिलमध्ये चौदाव्या वर्षी त्यानं ३५ बॉलमध्ये शंभर केले. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण त्यामुळे घड्याळ पुढे सरकलंय. तंबूच्या सावलीत एक आई भेटल्या, मुलाला नेट्ससाठी घेऊन आल्या होत्या. नोकरी सोडलीय त्यांनी, मुलासाठी. मी विचारलं, किती वर्षांचा आहे? म्हणाल्या, ‘बारावं चालू आहे गं, उशीरच झालाय तसा.’

बारावं. उशीर.

याच घाईतून वयाची लबाडी येते. जन्मदाखल्यात एखाद-दोन वर्षं खाली सरकवायची, म्हणजे अंडर-फोर्टीनला पंधराचा पोरगा दणकट दिसतो. बीसीसीआयला त्यासाठी मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढून वय ठरवावं लागतं. २०२० मध्ये तर त्यांनी योजनाच आणली होती, खोटं वय दाखवलं असेल तर स्वतःहून कबूल करा, माफ करू, नाहीतर दोन वर्षांची बंदी. आणि हे फक्त क्रिकेटचं नाही. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्यामुळे ‘सर्टिफिकेट मिळेल असा खेळ कुठला?’ असं विचारत फिरणारे पालकही तयार झाले आणि खोटी क्रीडा प्रमाणपत्रं विकणारेही. ट्रॅम्पोलिनवर कधी पाय न ठेवता ट्रॅम्पोलिनचे खेळाडू झालेली मंडळी आपल्या राज्यात सापडली आहेत. असो. तो वेगळा लेख होईल.

एक प्रश्न मला आमच्या पुरवणीच्या मॅडमनीच विचारला. ‘अगं, आपल्याकडे शाळेत मुलं खेळतच नाहीत ही तक्रार आहे, आणि तू जास्त खेळतात म्हणून ओरडतेस?’ प्रश्न बिनतोड होता. दोन दिवस मी त्यावर अडकले होते. मग आठवलं, की या दोन्ही गोष्टी एकाच शाळेत चालू होत्या. सोनूच्या शाळेच्या गेटवर टीमचा फोटो असलेला मोठा बॅनर होता. ऑफिसबाहेर काचेच्या कपाटात शिल्ड आणि कप. टीममधल्या काही मुलांची फी माफ, अभ्यास बुडाला तर नोट्स घरपोच. आणि उरलेल्या सगळ्या शाळेचा पीटीचा तास? तो गणिताच्या बाई घ्यायच्या. मुलींचं तर विचारूच नका. माझ्या स्वतःच्या शाळेत खेळाचा तास म्हणजे मुलींनी जिन्याखाली बसून डबे लवकर उघडायचे. म्हणजे पंधरा पोरं पाठ मोडेपर्यंत खेळतात आणि बाकीची हजार-दीड हजार पोरं खेळतच नाहीत. पंधरांच्या कपांवर शाळेच्या माहितीपत्रकात लिहिता येतं, ‘खेळाला विशेष प्राधान्य’.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, त्यांच्याकडेही हाच प्रकार प्रचंड वाढल्यामुळे, २०१६ मध्ये काही सूचना केल्या होत्या. पंधरा-सोळा वयापर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नका. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून लांब, सलग नाही तरी एकेक महिना करून. मी हे बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, ‘त्यांना लोकल पकडावी लागत नाही.’

यावर आधी मला राग आला. मग कळलं, त्यांना काय म्हणायचंय. ज्याच्याकडे बंगल्यामागे लॉन आहे त्याचा मुलगा तीन महिने थांबू शकतो. आमच्याकडे थांबणं म्हणजे गाडी सुटणं. बाबांनी ती तीन वर्षं एकही रजा स्वतःसाठी घेतली नाही. सगळ्या रजा मॅचच्या दिवशी. आईनं पहाटे साडेतीनला उठून डबे केले. इंग्लिश विलोची बॅट पाच आकड्यांत जाते म्हणून ‘बोलर आहे तेच बरं’ असं आमच्याकडे गमतीत म्हटलं जायचं. एवढं सगळं त्या पोराच्या पाठीवर, आणि वर किट बॅग. त्यानं ‘दुखतंय’ म्हणायचं कुणाला?

मला विचाराल तर सुरुवात अगदी क्षुल्लक ठिकाणाहून करता येईल. स्कोअरबुकात बोलरच्या नावापुढे ओव्हर्स लिहिलेल्या असतातच. अंडर-फोर्टीन, अंडर-सिक्स्टीनच्या मॅचला अंपायरनं फक्त ते पान बघायचं आणि ठरलेल्या आकड्यापुढे कॅप्टनला सांगायचं, याला आता देऊ नको. शाळा, क्लब आणि अकॅडमी तिघांनी एकमेकांना विचारायचं, काल यानं किती टाकल्या? प्रत्येक मुलाच्या बॅगेत एक छोटी वही, बस. यासाठी फिजिओ लागत नाही, पैसे लागत नाहीत. पण आकडा आधी कुणीतरी ठरवून सगळ्यांवर सारखा लादायला हवा. एकट्या प्रेमळ सरांनी सहा ओव्हर्सनंतर आपला बोलर थांबवला आणि समोरच्यानं नाही थांबवला, तर मॅच कोण हरणार? आणि बॅनर नसलेल्या वर्षी त्यांची नोकरी कोण टिकवणार?

पट्टा सुटल्यावर सोनू परत उभा राहिला, पण सगळं पूर्ववत झालं तेव्हा दहावी डोक्यावर होती. पुढे एकदा तो ट्रायल्सना जाऊन आला. घरी येऊन म्हणाला, ‘रनअप घेताना मी पाठीचाच विचार करत होतो.’ मग तो परत गेला नाही. बाबा काही बोलले नाहीत. रविवारी तो आता टर्फवर मित्रांबरोबर टेनिस बॉलनं खेळतो, बॅटिंग करतो, विकेटकीपिंग करतो. बोलिंग दिली तर ऑफस्पिन टाकतो आणि वाईट टाकतो. हसतो खूप. मैदानावर त्याला इतकं हसताना मी त्या तीन वर्षांत पाहिलेलं नव्हतं, हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय.

लेख पाठवायच्या आधी त्याला वाचायला दिला. खरं तर तो चिडेल असं वाटलं होतं. त्यानं सगळं वाचलं, मोबाइल खाली ठेवला, उठून ते २०१९ चं स्कोअरबुक काढलं आणि त्या सोमवारचं पान उघडलं.

‘ताई, चौदा नाही,’ तो म्हणाला, ‘पंधरा टाकल्या होत्या. लंचनंतर एक ओव्हर तू लिहिलीच नाहीस. वडापाव आणायला गेली होतीस.’